दौलतमामांच्या जीपचं मिसिंग

बहात्तरच्या दुष्काळातली सकाळ. मिरजगावच्या रस्त्याकडेला माझं गॅरेज, म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा... आणि समोर दौलतमामांची सरकारी जीप, पुन्हा एकदा.

दुष्काळी कामांवर साहेबांना फिरवायची ही जीप. चढ आला की फटफट करायची, धक्के द्यायची. आमच्या भाषेत मिसिंग. मी कार्बोरेटर धुऊन दिला की काही दिवस शहाण्यासारखी चालायची... मग परत तेच.

या वेळी साहेब स्वतः आले होते. त्यांचं उत्तर तयार होतं. ड्रायव्हर पेट्रोल विकतो आणि वर रॉकेल ओततो. आज खरं कळलं नाही तर याला घरी बसवणार, असं ते मामांच्या तोंडावरच मला म्हणाले.

मामा बॉनेटवर हात ठेवून उभे. "येवढं वय झालं, एक थेंब इकला न्हाई. तूच बघ बाबा."

मी इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून ऐकलं. एखादा सिलिंडर मेलेला असला की आवाजात ठरलेल्या जागी खड्डा पडतो. इथं खड्डा जागा बदलत होता... तरी एकेक प्लगची वायर काढून बघितली. चारही सिलिंडर कामाला होते. म्हणजे दोष पेट्रोलमधूनच येत होता.

"मग मी काय म्हणत होतो?" साहेब म्हणाले.

कागदावर पेट्रोलचा थेंब टाकला. उडून गेला, तेलकट डाग राहिला नाही. म्हणजे रॉकेल नव्हतं. मग कार्बोरेटरची वाटी उघडून साहेबांपुढे धरली. तळाशी पाण्याचे मणी घरंगळत होते. प्यायला हंडाभर मिळायची मारामार, आणि पेट्रोलमध्ये पाणी...

"आता पानी कुठनं चोरू साहेब?" मामा म्हणाले. "माझ्या घरातला रांजन कोरडा हाय."

मला हसू आलं, पण साहेब हसले नाहीत. मी मामांना म्हटलं, कॅनमधलं पेट्रोल टाकीत कसं ओतता, ते करून दाखवा. मामांनी नरसाळं लावलं, जीपमधल्या पाण्याच्या घागरीवरचं फडकं सोडलं आणि नरसाळ्यावर घातलं. मी ते घेऊन पिळलं. मातीत थेंब पडले.

"पान्यातनं पायाला नारूचा किडा व्हतो, म्हून टँकरचं पानी गाळून घेतो," मामा म्हणाले. "मंग त्याच फडक्यानं पेट्रोल. टाकीत कचरा नगं जायला."

रोज सकाळी आधी पाणी, लगेच पेट्रोल. रोजचे थोडे थेंब टाकीच्या तळाशी साठत होते. गाडीला इतकं जपणारा माणूस... आणि त्या जपण्यानंच त्याच्यावर चोरीचा आळ आणला.

टाकी उपसून साफ केली. जीप सुरू झाली ती एका सुरात.

साहेबांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून पुढे केला. "दौलतराव, पेट्रोलला हा ठेवा." मघापर्यंत 'ए दौलत्या' चाललं होतं.

मामांनी रुमाल घेतला, घडी न मोडता छातीच्या खिशात ठेवला. "ह्यो लई चांगला हाय साहेब. पेट्रोलला मी दुसरं फडकं आनतो."

पुढे गॅरेज वाढलं, हाताखाली माणसं आली. पण गाडी बिघडून आली की मी आजही ड्रायव्हरला आधी चहा देतो आणि म्हणतो, रोज काय करता ते एकदा करून दाखवा. दोष त्यात सापडतोच असं नाही... पण खाली मान घालून आलेला माणूस वर बघायला लागतो.