बिल्ड झाली, तरी एरर जुनीच

सर्व्हर सुरू होईना. स्क्रीनवर तीच ओळ तिसऱ्यांदा आली आणि माझं डोकं फिरलं.

शिरूर कासारचं हे वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं इथं राहून शिकतात. प्रवेशाचा अर्ज यंदापासून ऑनलाइन, आणि त्याचा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, ऑफिसातल्याच मशीनवर. दुपारी बीडहून येऊन मी तो अपडेट केला आणि फोटो चढवणारं मॉड्यूल बंद पडलं. मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला जोडलेला जादा भाग. नव्या सर्व्हरला जुना भाग चालत नाही, तो सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ लिहिलेल्या प्रोग्रामपासून, पुन्हा कंपाइल करावा लागतो.

समोरच्या बाकावर सुमनबाई बसल्या होत्या. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी पाचला कर्नाटकात निघणार होती. अर्जावर आईचा फोटो सक्तीचा, म्हणून त्या थांबलेल्या. लेक अश्विनी स्टँडवर, गाडीपाशी सामान राखत होती.

"ताई, व्हईल ना? अर्जाचा नंबर न्हाई मिळाला तर पोरीला बी गाडीत घालावं लागंल. हितं कोन हाय तिला?"

"कागदावर घ्या की गुरुजी," मी म्हणाले. गुरुजी म्हणजे वसतिगृह सांभाळणारे रिटायर्ड मास्तर.

"न्हाई जमायचं. मागल्या साली एकाच पोराचं नाव दोनदा गेलतं. आता नंबर न्हाई तर प्रवेश न्हाई, कमिटीचा ठराव हाय. पण म्याडम, तुमी आजच अपडेट कावून केलं?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच झोंबला.

पहिली एरर सोपी होती. एक लायब्ररी कमी होती, ती टाकली. चार वाजता बिल्ड झाली, म्हणजे कंपाइल होऊन मॉड्यूल बनलं. पण सर्व्हर सुरू करताना म्हणे अमुक फंक्शन सापडत नाही. नव्या व्हर्जनमधून ते काढलेलं. मी माझ्या लॅपटॉपवर त्याजागी नवं फंक्शन लिहिलं, फाइल तिच्या मूळ वेळेसकट सर्व्हरवर कॉपी केली, मेक ही बिल्ड करणारी कमांड मारली. सर्व्हर पुन्हा त्या जुन्याच फंक्शनच्या नावानं खडे फोडतोय! पुन्हा बदल, पुन्हा कॉपी, पुन्हा मेक. पुन्हा तेच.

मग लक्षात आलं, मेक क्षणात संपतेय. काही करतच नाही भवानी! मेक दोन फाइलींच्या वेळा बघते. सोर्स नवा असेल तर बनवते. बनलेला माल सोर्सहून नवा दिसला तर हात लावत नाही. वेळा काढून बघितल्या. सोर्स चार बावीसचा. मॉड्यूल चार तीसचं. माझ्या मनगटावर चार सत्तावीस.

"गुरुजी, या मशीनची वेळ कुणी बदलली?"

"मीच की. अर्धा तास पुढं ठेवतो, म्हंजी समदे टायमात येत्यात."

"भिंतीवरचं घड्याळ पुढं असतं, ते माहीत होतं मला. कंप्युटरचं कशाला?"

"मंग? एक पुढं अन् एक मागं, कसं चालंल?"

कपाळावर हात मारून घेतला. लॅपटॉपची वेळ खरी, सर्व्हरची अर्धा तास पुढं. म्हणून माझी प्रत्येक दुरुस्ती मेकला शिळी वाटत होती. घड्याळ बरोबर केलं, बनलेलं सगळं पुसलं, पहिल्यापासून बिल्ड केली. पाच मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. सुमनबाईंचा फोटो काढला, अर्ज भरला, नंबर आला. मी तो चिठ्ठीवर लिहिला. मला इतका आनंद झाला की चिठ्ठी द्यायला उठले ती त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलेच. गुरुजीही आले.

गाडीचा हॉर्न वाजत होता. सुमनबाईंनी लेकीला बोचक्यावरून खाली उतरवलं, चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली. "गुरुजींचं ऐक. पोटभर जेव." पोरीनं पदर धरला.

"पाच मिनिटं थांबा हो," मी मुकादमाला म्हणाले.

"म्याडम, चार जागी बाया उचलायच्यात अजून."

सुमनबाईंनी पदर सोडवला आणि त्या चढल्या. गाडी गेली. अश्विनी गुरुजींचं बोट धरून उभी राहिली, रडलीसुद्धा नाही.

आता कुठल्याही मशीनवर बसले की मी आधी वेळ बघते, मग एरर. दहा सेकंदांचं काम. ते केलं नाही म्हणून माझा अर्धा तास वाया गेला, असं मी बरेच दिवस सांगत होते. त्या अर्ध्या तासात आई लेकीजवळ बसली असती.