पंधरा ऑगस्टपर्यंत सही नाही

सुलेखा वासनिकला आइस हॉकी कधीच आवडली नाही. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये तिनं वीस वर्षं काढली, मोटारींचे ब्रेक तपासण्यात करिअर केलं, भल्या पहाटे मुलाला, कुशला, बर्फाच्या रिंकवर सोडलं आणि त्याच्या पॅडांचा वास सहन केला. खेळ मात्र कळला नाही. लोक ओरडले की तीही ओरडायची.

कुश अठराचा असताना एका प्रो टीमनं त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या, शेवटच्या फेरीत निवडलं. प्रफुल्लनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पेढे वाटले.

"म्हणजे नोकरी लागली?" सुलेखानं विचारलं.

तसं नव्हतं. करार करायचा तर याच टीमशी, एवढंच ठरलं होतं. कुश चार वर्षं कॉलेजकडून खेळला. तेवढ्या काळात टीमवाल्यांनी एक टोपी पाठवली, तीही घट्ट.

मे महिन्यात डिग्री मिळाली आणि टीमवाल्यांना एकदम प्रेमाचा उमाळा आला. कराराचे कागद आले. प्रफुल्ल पेन घेऊन तयारच. सुलेखानं कागद आणि नियम दोन्ही वाचून काढले.

"पंधरा ऑगस्टला यांचा हक्क संपतो. मग हा फ्री एजंट, कुणाशीही करार करायला मोकळा."

"तारीख तरी काय काढलीय लेकांनी!" प्रफुल्ल म्हणाला.

"यांच्याकडे बचावाला आधीच अकरा जण आहेत. बारावा होऊन बाकावर बसणार?"

"आई, आय ॲम नॉट अ ब्रेक पॅड," कुश वैतागला.

"ब्रेक पॅड बरा. तो निदान गाडीला बसवतात."

आठवडाभर कुश तिच्याशी बोलला नाही. मग त्यानं स्वतःच टीमला नकार कळवला. आता घाबरायची पाळी सुलेखाची होती. बुद्धविहारात नेहमी भेटणाऱ्या सरलामावशींनी विचारलं, "कुश काय करतो सध्या?" "व्यायाम," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

सोळा ऑगस्टला दुपारपर्यंत फोन नाही. सुलेखानं एकच गालिचा तीनदा व्हॅक्यूम केला. तीन वाजता फोन आला. दुसऱ्या एका टीमला बचावपटू कमी पडत होते. दोन वर्षांचा करार, पण सुरुवात त्यांच्या छोट्या गावातल्या दुय्यम टीममध्ये.

"रोज खेळायला मिळेल?" कुशनं एवढंच विचारलं आणि होकार दिला.

ऑक्टोबरात, दुसऱ्याच मॅचला, त्याचा पुढचा दात पडला. त्यानं हसरा फोटो पाठवला. सुलेखानं तो सासूबाईंपासून लपवला आणि डेंटिस्ट शोधायला बसली.