कॉरिडॉरमधलं गाऱ्हाणं

देवावर मी रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण जे झालं ते सरळ लिहितो. आम्ही मूळ कोकणातले, राहायला घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत. गावचा देव रवळनाथ. त्याचा नारळ मी कधी चुकवला नाही, कोणाचं पाच पैशाचं खाल्लं नाही, आणि तरी माझ्या बायकोच्या वाट्याला असं दुखणं यावं, याचा मला फार राग आला होता.

पावसाळ्यात तिला ताप आला. आधी साधा व्हायरल म्हणाले, मग म्हणाले की विषाणू मेंदूपर्यंत पोचलाय, सूज आहे. अ‍ॅडमिट केलं, ताप उतरला, घरी आणली. आम्ही हुश्श केलं, आणि तिथून खरी वाट लागली. नळाच्या पाण्यात कोणीतरी काहीतरी कालवलंय असं तिला वाटायला लागलं. शेजारणीनं आणलेली आमटी तिनं मोरीत ओतली. मग बोलणं कमी झालं, मग बंदच झालं. जी बाई मासेवालीशी एका बांगड्यावरून अर्धा बाजार गोळा करायची, ती भिंतीकडे बघत बसायची. हात उचलून वर धरला तर तसाच वर राहायचा. घास तोंडात ठेवला तर तोंडातच. पुन्हा हॉस्पिटल झालं, नाकातून नळी घातली. मी तिच्या कानाशी जाऊन हाका मारायचो. डोळे उघडे असायचे, पण त्यात मी नसायचो.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मला समोर बसवून म्हणाली, "काका, त्या तापानंतरच मेंदू असा अडकून बसलाय. औषधं, इंजेक्शनं दिली, फरक नाही. आता विजेची ट्रीटमेंट द्यायला हवी."

"म्हणजे शॉक?"

"हो. पण सिनेमात दाखवतात तसा नाही."

"सिनेमाचं सोडा," मी म्हटलं, "उभा जन्म वायरमन होतो मी. करंट काय चीज आहे ते मला शिकवू नका." आवाज एवढा चढला की बाहेरची नर्स आत आली. पण मी खोटं काय बोललो? माझ्यासोबतचा एक माणूस शिडीवरून खाली आला तो मेलेलाच आला. त्याच्या तळहाताचा वास मला अजून आठवतो. तो करंट मी सही करून बायकोच्या डोक्याला लावू देऊ?

मुलगी सुनंदा मुलुंडहून रोज यायची. एका सकाळी ती कॉरिडॉरमध्ये माझ्यावर तडकली. "बाबा, आई वाळत चाललीय. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर हातची जाईल."

"देवाला विचारतो."

"विचारा. आणि देवाने उशीर केला तर?"

मी फोन काढला. तीच मग म्हणाली, "सही मलाही करता येते. पण तुमच्या मनाविरुद्ध आईला आत पाठवायची नाही मला. उद्यापर्यंत थांबते. त्याच्यापुढे नाही हां."

मी गावी गुरवाला फोन लावला. आमच्याकडे अडचण आली की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मनातून डावीचीच वाट बघत होतो, हे कबूल करायला हवं. दुपारी गुरवाचा फोन आला. "भाऊनु, सकाळपासून बसलंय. एकय पाकळी पडणा नाय. देव काय बोलणा नाय."

इथे बायको गप्प, गावात देव गप्प. मी कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर जाऊन बसलो. एवढा एकटा मी उभ्या आयुष्यात नव्हतो.

बाकड्यावर एक बाई इडली खात होती. चाळिशीची, अंगावर साधा ड्रेस. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, या बाटलीचं झाकण उघडून द्या ना. हाताला अजून जोर नाही माझ्या." मी दिलं. तिनं डबा पुढे केला. "घ्या. सकाळी तुमची लेक केवढी ओरडली तुम्हाला. पोटात काही गेलं नसेल."

मी विचारलं, "तुमचा पेशंट कुठाय?"

"मीच पेशंट. आत्ताच घेतला शॉक. मिस्टर रिक्षा बघायला गेलेत."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कपाळ बघितलं, हात बघितले. ती हसायला लागली. "काय शोधताय? धूर येतोय का बघताय?" मग तिनं सगळं सांगितलं. कोविड झाला, बरी झाली, आणि मग डोकं फिरलं. घरात माणसं असताना घर ओसाड वाटायचं. जेवण सोडलं, पोरांना ओळख देईना. या उपचारानं माणसात आली. आता मधूनमधून एकदा घ्यावा लागतो. मेट्रोच्या तिकीट खिडकीवर नोकरी करते, सुट्टे देताना चुकत नाही. "विसरायला होतं थोडं. खोटं कशाला सांगू? काही दिवस तर पार गेलेत माझे. पण पोरं परत मिळाली."

मी तिला मुकादमासारखं विचारत सुटलो. किती व्होल्ट, कुठून कुठे जातो, अर्थिंग कसं.

"अहो, मी झोपलेली असते! डॉक्टरला विचारा की. का लाज वाटते?"

लाजच वाटत होती. तरी उठलो. डॉक्टर चिडली नाही. तिनं मला आत नेऊन मशीन दाखवलं. आपल्या मिक्सरएवढा डबा. भूल देतात, अंग सैल पडायचं औषध देतात, करंट थोडा आणि काही सेकंदच, तोही मोजून. मी ऐकून घेतलं. आमच्या कामात एक रीत होती. लाईनवर चढायच्या आधी फ्यूज काढायचा आणि तो आपल्याच खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या भरवशावर तारेला हात लावायचा नाही. त्या रीतीवर मी म्हातारा झालो. मी विचारलं, "बटण कोण दाबणार?" ती म्हणाली, "मी दाबणार, काका. आणि माझ्या आईला दिला असता तसाच देणार." माझ्या खिशात काहीच नव्हतं. मी सही केली.

ट्रीटमेंटच्या दिवशी सकाळी बायकोला स्ट्रेचरवरून आत नेलं. दार बंद झालं. सुनंदा औषध आणायला खाली गेली होती. मला राहवेना. मी तिथेच, दाराकडे तोंड करून, गाऱ्हाणं घालायला लागलो. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्यानं घालायचं नसतं. एकानं देवाला सांगायचं आणि भोवतीच्या माणसांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं. तिथे कोण म्हणणार? तरी मी म्हटलं, "बा देवा महाराजा, तुझी ही लेक आत गेलीहा, तिचो सांभाळ कर…"

आणि मागून आवाज आला, "व्हय महाराजा!"

वळून बघतो तर ती बाई. त्या दिवशी तिची ट्रीटमेंट नव्हती. ती म्हणाली, "थांबलात का? बोला ना. आमच्या चाळीत सगळे मालवणी होते. मला येतं हे." मी बोललो. डॉक्टरच्या हाताला यश दे म्हटलं, ती व्हय महाराजा म्हणाली. जी काय चूकभूल झाली असेल ती पदरात घे म्हटलं, ती व्हय महाराजा म्हणाली. तोवर एक वॉर्डबॉय थांबला होता, तोही म्हणाला. माझा आवाज फुटला. नोकरीत, घरात, बापाच्या मयतालाही मी लोकांसमोर रडलो नव्हतो. तिथे रडलो.

नंतर मी तिला म्हटलं, "बाई, तुला देवानं धाडलं."

"काका, आम्ही बौद्ध. मी देवबीव काय मानत नाही. मला कोणी धाडलं नाही, मी रिक्षाने आले. सुट्टी होती, म्हटलं बघून यावं तुमच्या मिसेसना." मी वाद घातला नाही. वाद न घालण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल, असं सुनंदा म्हणते. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

पहिल्या ट्रीटमेंटनं काही झालं नाही. दुसऱ्या वेळी बायकोनं मान वळवली. मग एक दिवस मी तिचे केस विंचरत होतो, तर तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पूर्वी बघायची तसं, आणि आवाज बसलेला, तरी म्हणाली, "दाढी करूक काय झाला तुमका?" मी बाहेर पळालो आणि जो दिसेल त्याला सांगत सुटलो. संध्याकाळी तिनं चमच्यानं पेज खाल्ली.

सगळंच परत आलं असं नाही. तो पावसाळा तिला आठवत नाही. त्याच्या आधी नातवाचं बारसं झालं, तेही आठवत नाही. फोटो बघून विचारते, "मी हयसर होतंय?" मी तिला दर वेळी पहिल्यापासून सांगतो. पूर्वी एक गोष्ट दोनदा सांगायचा मला कंटाळा होता.

परवा तिला पुढच्या ट्रीटमेंटला नेलं. या वेळी ती चालत गेली, सगळं कळत असताना गेली. दाराशी आल्यावर तिनं माझं मनगट पकडलं. "माका भीती वाटता." मीही तिचा हात घट्ट धरला. मलाही वाटत होती. मी म्हटलं, "मी बाहेर आसंय." नर्स म्हणाली, "आजोबा, आता सोडा." मी सोडलं. पूर्वीचा मी असतो तर देवाला सतरा अटी घातल्या असत्या. आता हात रिकामे करून बाकड्यावर बसलो. काही मागितलं नाही. आत ती देवाच्या ताब्यात होती, आणि बाहेर मीही.