मी ऐकत होतो, मनोहरभाऊ

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी रेडिओ लावला आणि मनोहरभाऊंची हाक आली नाही. सात वाजले, तरी नाही. मग वहिनींचा फोन आला. पहाटेच गेले होते...

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले मनोहरभाऊ आणि सरकारी कचेरीतला मी, रायपुरातले दोन मराठी हौशी रेडिओवाले, म्हणजे घरच्या सेटवरून एकमेकांशी बोलणारे. ते बुढापाऱ्यात, मी शंकरनगरात. दहा मिनिटांची स्कूटर, तरी रोज सकाळी भेटायचो रेडिओवरच. भाजी काय आणली, लाईट किती वेळ गेली, असल्या फार महत्त्वाच्या गोष्टी बोलायला! रायपूर राजधानी झालं, पण भाऊंच्या गल्लीतली लाईट जायची ती जायचीच. त्यांना फिकीर नव्हती. त्यांचा सेट जुना, बोजड, बॅटरीवर चालणारा. चार स्क्रू काढले की सगळं समोर.

मी मात्र चकचकीत विदेशी सेट मागवला. भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला. "याचा पार्ट रायपुरात मिळते का? नाही ना... मंग काहून घेतला? बरं, घेतला तं घेतला. लाईट गेली का प्लग काढत जा बाप्पा."

"भाऊ, तुम्हाला नव्याचं वावडंच आहे," मी म्हणालो. चारचौघांत म्हणालो, हे जास्त वाईट.

पुढच्या उन्हाळ्यात वादळात लाईट गेली आणि आली ती झटका देऊनच. प्लग मी काढला नव्हता. सेटचं ऐकणं शाबूत राहिलं, बोलणं जळलं. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. भाऊंची हाक स्वच्छ ऐकू यायची, उत्तर देता यायचं नाही. फोन होता, स्कूटर होती. पण त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली. वहिनींना खोटंच सांगितलं, काम वाढलंय, हल्ली रेडिओ लावत नाही. चार महिने ते रोज हाक मारत राहिले, "हव, आज लाईट आहे बाबू, बोल..." आणि मी चहा पीत ऐकत राहिलो. माणूस असा का वागतो, मला खरंच ठाऊक नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी भाऊंची वही माझ्या हातात दिली. आम्ही रेडिओवाले संभाषणांची नोंद ठेवतो. दोन्हीकडून बोलणं झालं तरच ती धरायची, असा भाऊंचा कडक नियम. त्या चार महिन्यांची पानं कोरी असतील असं वाटलं होतं. रोजची ओळ होती. पहिल्या दिवशी माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "सेट जळला असंल. लाजून राहिला पोट्टा." मग रोज एवढंच, "ऐकून राहिला."

"मी म्हटलं यांना," वहिनी म्हणाल्या, "काहून ओरडता, तो लावतच नाही म्हणते. तं म्हणे, लावते. मले माहीत आहे."

शेवटची ओळ जाण्याच्या आदल्या सकाळची. "तब्येत बरी नाही, येऊन जा म्हटलं. ऐकलं त्यानं."

ऐकलं होतं मी. रविवारी जाऊ, असं ठरवलं होतं.