तानुबाईच्या मांड्यांना कुणी हात लावेना

धरणगावात कुजबुज अशी होती, की मांडेवाल्या तानुबाईला 'तसला' आजार आहे. 'तसला' म्हणताना आमच्या गल्लीतल्या बायका तोंडावर पदर घेत. डोळे मात्र मस्त चमकत.

याचा उगम मला ठाऊक नसेल, तर माझं म्हातारपण फुकट. शेजारच्या प्रमिलाबाई तिच्याकडे वाटीभर साखर मागायला गेल्या आणि फडताळातल्या गोळ्यांच्या डबीचा गुपचूप फोटो काढून आल्या. एरवी नातवाच्या फोटोत यांचा अंगठा येतो. हा मात्र लख्ख आला. त्यांच्या सुनेनं, नूतननं, मोबाइलवर 'टेनोफोव्हिर' शोधलं. पहिलीच ओळ एचआयव्हीची. दुसरी वाचायला सवड कुणाला?

पुरणाचा मांडा हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवावा आणि खापरावर अलगद टाकावा तो तानुबाईनंच. विधवा बाईचं तेवढंच जगणं. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र एकही बोलावणं आलं नाही. ती आपणहून दरवर्षी बोलावणाऱ्या हिलाल आबांकडे गेली, तर दारातच उत्तर, "अक्का, औंदा श्रीखंड आणतोय." आखाजीला श्रीखंड! पितरांनीही कपाळाला हात लावला असेल.

खरं काय ते तिनं सांगून पाहिलं. गल्लीला खोटंच गोड लागत होतं. मग तिनं गोळ्या मोरीत ओतल्या, डबीत लवंगा भरल्या आणि ती फडताळात दर्शनी ठेवली.

बहीण भागाबाई कळवळली, "अगं, जळगावना डॉक्टरनी काय सांगं व्हतं? 'रोज घे, गोळीनं मूत्रपिंडाले त्रास नाही ना ते रक्त तपासून पाहत जाऊ, पण माले इचारल्याबिगर बंद करू नको.'"

"डॉक्टर मना मांडा खावाले येस का?" तानुबाई म्हणाली. "माले तर बरंच वाटी राहिनं."

वाटलंही काही दिवस. तिनं प्रमिलाबाईंना मुद्दाम चहाला बोलावलं, लवंगा दाखवल्या. प्रमिलाबाईंनी लवंग घेतली नाही. चहाही तसाच राहिला.

श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. जळगावला नेलं, तिथून ती परत आली नाही.

तेराव्याला मांडे धुळ्याहून मागवले. प्रमिलाबाईंनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, "तानुच्या हाताची सर नाही."

तानुबाईला हिपॅटायटिस बी होता. तीच गोळी त्यावरही देतात. तो आजार काय नि एचआयव्ही काय, मांड्यांतून पसरत नाही. गोळी अचानक बंद केल्यानं विषाणू उसळला आणि तिचं यकृत निकामी झालं.