सोपाऱ्याच्या राजाचा हंडा

अक्षता घाडीला भांडणं लावायचा पगार मिळतो, असं तिची आई शेवंती बोरीवलीच्या अख्ख्या सोसायटीत सांगत फिरते. तसं ते अगदीच खोटं नाही. अंधेरीच्या एका कंपनीत अक्षता कॉम्प्युटरवरचा खेळ बनवते. जुन्या काळची बंदरं, गलबतं, आणि खेळणारा प्रत्येक जण एका बंदराचा राजा. कोणी कोणाशी व्यापार करायचा, तह कसा करायचा, मोडला तर काय, हे सगळे नियम अक्षताचे. दोन वर्षं ती त्यात मान मोडून बसली होती.

आणि आता त्याच नियमांची पार वाट लागली होती. खेळून बघायला आलेली माणसं शेजारच्या राजाला धडाधड भेटी पाठवायची, मैत्रीचे गुण शंभरावर न्यायची, आणि तो गाफील झाला की त्याच्यावरच आरमार सोडायची. चार मिनिटांत मामला खलास. तिचा साहेब देवेश मनाने चांगला, पण तोंडाचा फटकळ.

"लोकांना लढायचंय यार," तो म्हणाला. "शुक्रवारी मी स्वतः खेळतो. नाही जमलं तर तह-व्यापार काढून टाकू."

दोन वर्षांची मेहनत जाणार म्हणून अक्षता अशी हिरमुसली, की तिला जेवणसुद्धा जाईना. रविवारी तिने आईलाच लॅपटॉपसमोर बसवलं. खेळातल्या सोपारा बंदराच्या राजाने शेवंतीला मिऱ्यांनी भरलेला तांब्याचा हंडा पाठवला. तिने मिरी ठेवून घेतली आणि पडद्यावर काहीतरी शोधत बसली.

"काय शोधतेस गं?"

"हंडो परत खयसून धाडूचो?"

"आई, ते नुसतं चित्र आहे. मिरी मिळाली ना, झालं."

"झाला कसा? आणि रिकामो कोण धाडता काय? मूठभर तांदूळ तरी घालूक होये." शेवंतीने चष्मा काढला. "तुझ्या त्या देवेशाकडे माझो घावण्यांचो डबो म्हयनोभर पडलोहा. हो तुझो राजा पण तसलोच."

अक्षता आधी खो खो हसली, मग एकदम उठून वही शोधायला लागली.

चार दिवसांत तिने नियम फिरवले. भेट आली की भांडं तुमच्याकडे राहणार. ते परत करताना त्यात आपल्या मुलखातलं काहीतरी घालायचं, थोडं का होईना. रिकामं पाठवलंत तर इतर राजे बंदरं बंद करणार. आणि ज्याचं भांडं तुमच्या घरात आहे, किंवा तुमचं ज्याच्या घरात, त्याच्यावर हल्ला करता येणार नाही.

शुक्रवारी देवेशने भडोचच्या राजावर गलबतं सोडली, ती जागची हलेनात. भडोचचा हंडा देवेशच्याच वाड्यात होता. चरफडत त्याने त्यात मीठ भरून पाठवलं. तिकडून हंडाभर सुती कापड आलं. मग याने नारळ पाठवले. जेवणाची सुट्टी टळून गेली तरी तो उठेना.

"च्यायला, आता ह्याच्याशी लढवत नाही," तो पुटपुटला. मग अक्षताकडे वळून म्हणाला, "तुझा भाग राहू दे. पण तो डबा... काकू काही म्हणाल्या का गं?"

"रोज म्हणते," अक्षता म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी तिने आईच्या हातात डबा ठेवला. आत देवेशच्या बायकोने केलेल्या गूळपोळ्या होत्या. शेवंतीने एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मगे, खेळ रवलो मां?"

"राहिला गं आई."

शेवंतीने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, डबा घासून पालथा घातला आणि घावण्यांसाठी तांदूळ भिजत टाकले.