सांगितलं म्हणे

नागापूरच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. यंत्रावरून समोर आलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार भाग, बिघडलेलाच आहे असं धरून मी तो हातात घेतो. माणसांच्या बाबतीतही मी तेच करतो, असं बायकोचं म्हणणं.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं खर्डा गावच्या मुलाशी जमत आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. बहिणीला लहानपणी फिट यायच्या. आता गोळ्या चालू असल्यामुळे येत नाहीत. पाहुण्यांना हे सांगायचं नाही, असं घरात ठरलं. मग एका दुपारी मध्यस्थाचा फोन आला. "फिटचं कळलंय त्यान्ला. नको म्हनत्यात."

कोणाकडून कळलं, असं विचारलं तर म्हणाला, "सांगितलं म्हनं."

आपल्या भाषेची ही सोय मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकली. कळलं, ठरलं, सांगितलं. वाक्य पुरं होतं आणि करणारा मागच्या दाराने पसार. बाई होती की बापया, एवढासुद्धा पत्ता लागत नाही.

मी शोध सुरू केला. आधी मेडिकलवाल्यावर संशय घेतला आणि गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणू लागलो. मग नंबर शेजारच्या काकूंचा. त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा फिट आली होती, शिवाय त्यांची भाची खर्ड्यालाच दिलेली. त्यांनी पाठवलेली कालवणाची वाटी मी आल्या पावली परत धाडली. बिचाऱ्या दारात येऊन आपलं काय चुकलं ते विचारून गेल्या. मी तेव्हाही त्यांचा चेहरा न्याहाळत होतो.

रविवारी जेवताना मी आईला बजावलं, काकूंना यापुढे घरात घ्यायचं नाही. बहीण वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मीच फोन केल्ता त्यान्ला. नवऱ्याच्या चोरून गोळ्या खायच्या हुत्या का जल्मभर?"

आई रडायला लागली. मला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. बहिणीने माझ्यावरची नजर हटवली नाही.

"आन् दादा, सांगायचं न्हाई, हे पयल्यांदा कोन बोललं?"

बोललो होतो मीच. तोंडातून मात्र निघालं, "तवा समदेच बसले हुते की." आणि मी आमटी मागितली.

तिने वाढली नाही. पातेलं तसंच ठेवून ती काकूंकडे निघून गेली.